जोड कोणी लावायची?

खेळातल्या रणगाड्यांवरून माणसं एवढी हमरीतुमरीवर का येतात, हा प्रश्न आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी मला इतक्या वेळा विचारलाय की शेवटी एकदा बसून सविस्तर टंकायचं ठरवलं. धुळ्याचे आबा, जळगावच्या दोन्ही मावश्या आणि नेहमीची ब्लॉगर मंडळी, सगळ्यांसाठी एकत्रच. ज्यांना या विषयातलं ओ की ठो कळत नाही त्यांनी घाबरू नये. सुरुवात कुस्तीपासून करतोय.

आपल्याकडे गावच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल लागते. पंच दोन पोरांना आखाड्यात समोरासमोर उभं करतात आणि जोड लावतात. वजनकाटा बहुतेक ठिकाणी नसतोच. खांदे बघायचे, मान बघायची, वय विचारायचं, कुठल्या तालमीचा आहे ते विचारायचं, की झालं. आणि गर्दीला पटलं नाही तर "जोड नाही, जोड नाही" असा गलका होतो. मग पंच निमूटपणे एकाला बाजूला करतात आणि दुसरा उभा करतात. या पद्धतीत चुका होतात, वशिलेबाजीही होते, सगळं मान्य. पण एक गोष्ट होत नाही. पंच स्वतः पहिलवान विकत नाही. "हा घ्या, तीनशे रुपये जास्त द्या, याला मी तुमच्यापेक्षा हलक्या पोराशी लावतो" असं त्याने म्हटलं तर त्याच आखाड्यात त्याची काय गत होईल ते आबांना विचारा.

आता रणगाड्यांकडे येऊ.

इंटरनेटवरून खेळायचे जे युद्धाचे खेळ आहेत त्यातले दोन मोठे म्हणजे वर्ल्ड ऑफ टँक्स (२०१०) आणि वॉर थंडर (२०१२ पासून सगळ्यांना खुला). दोन्ही फुकट उतरवून घेता येतात. त्यात दुसऱ्या महायुद्धापासूनची शेकडो वाहनं आहेत. साहजिकच १९४० चा रणगाडा १९८० च्या रणगाड्यासमोर उभा केला तर खेळ दोन सेकंदांत संपेल. म्हणून प्रत्येक वाहनाला एक पायरी ठरवून दिलेली असते. वर्ल्ड ऑफ टँक्समध्ये अशा दहा पायऱ्या होत्या, २०२५ मध्ये अकरावी आली. वॉर थंडरमध्ये पायऱ्या बारीक आहेत, १.०, १.३, १.७, २.० अशा चढत जातात, आणि साधारण एक पूर्ण अंकापेक्षा जास्त फरकाची वाहनं समोरासमोर येत नाहीत. यालाच बॅलन्स म्हणतात. आपल्या भाषेत जोड लावणं.

भांडण सुरू होतं ते इथे. ही पायरी ठरवतं कोण? कंपनी. आणि वाहन विकतं कोण? तीच कंपनी.

आमच्याकडच्या केळीवाल्यांना हे दोन वाक्यांत समजेल. भाव लावणाराही व्यापारी, काटाही त्याचा आणि माल उचलणाराही तोच. अशा व्यवहारात प्रत्येक वेळी फसवणूकच होते असं नाही. पण प्रत्येक वेळी शेतकऱ्याच्या मनात पाल चुकचुकते, आणि ती चुकचुकणं रास्त असतं.

उदाहरणं देतो, नाहीतर म्हणाल नुसताच तोंडाळपणा करतो. वर्ल्ड ऑफ टँक्समध्ये सुरुवातीला जास्त चिलखत भेदणारे खास गोळे फक्त 'सोन्या'ने मिळायचे, आणि सोनं खऱ्या पैशाने. म्हणजे समोरच्याचा खिसा गरम असेल तर त्याची तोफ जास्त खोल जाणार. यावर इतकी बोंब झाली की २०१२ मध्ये तेच गोळे खेळात कमावलेल्या चांदीनेही मिळू लागले. टाइप ५९ नावाचा एक चिनी रणगाडा पैशाने विकत मिळायचा. तो इतका भारी ठरला, आणि मैदानात इतके टाइप ५९ दिसायला लागले, की २०१२ च्या सुरुवातीला कंपनीने तो दुकानातून काढून घेतला. ज्यांनी आधी घेतला होता त्यांच्याकडे मात्र तो राहिलाच. मग २०१३ मध्ये सुपर पर्शिंग नावाच्या विकत मिळणाऱ्या रणगाड्याचं चिलखत कंपनीने कमी केलं, तेव्हा ज्यांनी पैसे मोजले होते ते खवळले आणि त्यांना रणगाडा परत करून सोनं घ्यायची मुभा द्यावी लागली.

या शेवटच्या गोष्टीत सगळी मेख आहे. वाहन एकदा विकलं की त्याला हात लावणं अवघड होतं. गिऱ्हाईक म्हणतं, मी या चिलखताचे पैसे दिलेत. आणि त्याचंही बरोबर आहे! चूक त्याची नाहीच. चूक चिलखत विकणाऱ्याची.

वॉर थंडरची गंमत याहून बारीक आहे. तिथे पायरी ठरवताना कंपनी मुख्यतः आकडेवारी बघते. अमुक वाहन घेऊन लोक किती मारतात, किती मरतात. ऐकायला किती न्यायाचं वाटतं नाही? पण जरा विचार करा. जे वाहन जुने, मुरलेले खेळाडू महिनोन् महिने खपून मिळवतात ते मुरलेल्या हातात असतं, त्याचे आकडे चांगले येतात, म्हणून ते वरच्या पायरीवर ढकललं जातं. जे वाहन नवशिका पोरगा पहिल्याच आठवड्यात साठ-सत्तर डॉलर मोजून विकत घेतो, ते नवशिक्या हातात असतं. तो भसाभस मरतो. आकडे वाईट येतात. म्हणून ते वाहन खालीच राहतं, किंवा आणखी खाली सरकतं. मग एखादा मुरलेला खेळाडू तेच विकत घेऊन खाली उतरला की समोरच्यांची कत्तल. कोणी मुद्दाम कट केला असं मी म्हणत नाही. पण काट्याची रचनाच अशी आहे की पारडं दरवेळी गल्ल्याकडे झुकतं, आणि ते कंपनीला दिसत नसेल यावर माझा विश्वास नाही.

त्यात दुरुस्तीखर्च नावाचा आणखी एक प्रकार. वाहन फुटलं की खेळातल्या पैशांनी दुरुस्त करायचं, आणि जे वाहन प्रभावी त्याचा खर्च जास्त. म्हणजे जोड बरोबर लावता येत नाही म्हणून चांगल्या पहिलवानाकडून दंड वसूल करायचा. मे २०२३ मध्ये या सगळ्या पैशांच्या भानगडीवरून खेळाडूंचा संयम सुटला. स्टीमवर हजारोंनी वाईट शेरे मारले, एक दिवस खेळ बंद ठेवायची हाक दिली, आणि कंपनीला वाकून कमाई-खर्चाचे दर बदलावे लागले. म्हणजे गलका केला की जोड मोडते, हे आखाड्यातलं सत्य तिथेही खरं ठरलं. फरक इतकाच की तिथे दहा वर्षं लागली.

याउलट बॅटलफील्ड बघा. तो खेळ एकदाच पैसे देऊन घ्यायचा. २००५ च्या बॅटलफील्ड २ मध्ये ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर म्हणजे उडता किल्ला होता. दोन्ही बाजूंना मशीनगनवाले बसवायचे आणि एकामागून एक ठाणी घेत सुटायचं. चिनी जे-१० विमान तर इतकं सरस होतं की समोर अमेरिकन एफ-३५ मिळालं की पोरं कपाळाला हात लावायची. भांडणं तेव्हाही झाली, आणि दुरुस्त्या यायला वेळही लागला. पुढे २०२१ च्या बॅटलफील्ड २०४२ मध्ये तर एक हॉवरक्राफ्ट चक्क उंच इमारतींच्या भिंतींवर चढायचं. सगळ्या जगाने व्हिडिओ बघून पोट धरून हसून घेतलं, आणि कंपनीने काही आठवड्यांत त्या हॉवरक्राफ्टचं चिलखत आणि तोफ दोन्ही उतरवली. कोणी "माझे पैसे परत द्या" म्हणालं नाही, कारण हॉवरक्राफ्ट कोणी वेगळं विकत घेतलंच नव्हतं. ती नुसती चूक होती. चूक आणि हितसंबंध यात फरक असतो, आणि माझं सगळं भांडण त्या फरकापुरतं आहे.

आता दुसऱ्या पार्टीकडे वळतो, कारण खेळाडूही काही कमी नाहीत. यांचा आवडता शब्द वास्तव. स्वतःचा रणगाडा हरायला लागला की यांना एकदम वास्तव आठवतं. "प्रत्यक्षात हे चिलखत या गोळ्याने फुटत नाही!" जिंकत असताना मात्र वास्तवाची आठवण झालेला माणूस मला अजून भेटायचाय.

बरं, वास्तवच हवं ना? मग सप्टेंबर १९६५ घ्या. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरला पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन चालून आली. त्यांच्याकडे अमेरिकन पॅटन, त्या काळातलं भारी काम. आपल्याकडे थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन होते, पण डेक्कन हॉर्सकडे शर्मन होते, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं डिझाइन, आणि एट्थ कॅव्हलरीकडे हलके फ्रेंच एएमएक्स-१३. वॉर थंडरच्या हिशेबात बहुतेक शर्मन तीन ते पाचच्या आसपास आणि पॅटन सातच्या आसपास. म्हणजे ही लढाई त्या खेळात लागलीच नसती! यंत्राने दोघांना वेगवेगळ्या मैदानात पाठवलं असतं. प्रत्यक्षात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. शेतात पाणी सोडलेलं, उभ्या उसात आपले रणगाडे लपवलेले, पॅटन चिखलात रुतले, आणि जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने अब्दुल हमीद यांनी पॅटनमागून पॅटन उडवले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पकडलेले आणि मोडलेले पॅटन ज्या ठिकाणी उभे केले त्याला लोक पॅटन नगर म्हणायला लागले.

त्याच महिन्यात फिल्लोराला पूना हॉर्सचे कर्नल अर्देशिर तारापोर सेंच्युरियन घेऊन लढत होते. मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले. जखमी झाल्यावरही मागे जायला तयार नव्हते, १६ सप्टेंबरला गेले. त्यांनाही परमवीर चक्र. यात बॅलन्स कुठे बसवणार? युद्धात समोरच्याशी बरोबरी कोणाला हवी असते? सेनापतीचं कामच मुळी जोड बिघडवायचं. खेळाचं काम जोड लावायचं. दोन्ही गोष्टी एकदम मागणाऱ्याला नक्की काय हवंय ते त्याचं त्यालाच कळलेलं नसतं.

आणि या वास्तवाच्या हट्टाची मजल कुठवर गेली ते सांगतो, म्हणजे आमच्या मावश्यांना कळेल की हे पोरखेळाचं राहिलेलं नाही. जुलै २०२१ मध्ये एका खेळाडूने ब्रिटिश चॅलेंजर २ रणगाड्याच्या गोपनीय पुस्तिकेतली पानं वॉर थंडरच्या चर्चेत टाकली. कशासाठी? तर खेळातलं चिलखत चुकीचं दाखवलंय हे सिद्ध करायला! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रेंच लेक्लेर्कची कागदपत्रं, टरेट किती वेगाने फिरतं या वादात. २०२२ मध्ये एका चिनी रणगाड्याच्या गोळ्याची माहिती. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकन लढाऊ विमानांची. दरवेळी कंपनीने ती काढून टाकली आणि असली माहिती आम्ही वापरणार नाही असं सांगितलं, याबद्दल तिला मार्क द्यायला हवेत. पण माणसं थांबली नाहीत. देशाशी घेतलेली शपथ एकीकडे आणि खेळातल्या चिलखताचे पन्नास मिलिमीटर दुसरीकडे, आणि यांचं पारडं पन्नास मिलिमीटरकडे झुकलं.

हे आपल्यापासून लांब आहे असं वाटत असेल तर ऐका. माझा भाचा धुळ्यात इंजिनिअरिंगला आहे, रात्री आम्ही दोघं एकत्र खेळतो. वॉर थंडरमध्ये भारताची वाहनं ब्रिटिशांच्या यादीत घातली आहेत (स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षं झाली, पण असो). त्यात टी-९० भीष्म आहे, आणि भाच्याचा जीव त्याच्यावर. तो रिव्हर्समध्ये बैलगाडीच्या चालीने मागे येतो, ताशी चार-पाच किलोमीटर, आणि गोळे सगळे टरेटच्या खाली गोल रचलेले, तिथे लागलं की संपलं. या दोन्ही गोष्टी खऱ्या रणगाड्यातही तशाच आहेत. पण पुढचं चिलखत कमी दाखवलंय असं भाच्याचं ठाम मत. गेल्या महिन्यात तो मला सहज म्हणाला, "मामा, नगरला रणगाड्यांच्या ट्रेनिंगमधलं तुमच्या ओळखीचं आहे ना कोणी? नुसता आकडा विचारायचाय."

नुसता आकडा!

मी त्याला फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ताई नंतर दोन दिवस माझ्याशी धड बोलत नव्हती. पण मुद्दा समजून घ्या. आपला जिल्हा काही साधा नाही. भुसावळची ऑर्डनन्स फॅक्टरी १९४९ पासूनची, वरणगावची १९६४ ची, तिथे बंदुकीच्या गोळ्या बनतात. २०२१ मध्ये सगळ्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सरकारी कंपन्या झाल्या, पाट्या बदलल्या, पण माणसं तीच. आपल्या ओळखीत, नात्यात, शेजारी अशा घरांची कमी नाही. आमच्या नात्यातले एक काका तिथून रिटायर झाले. तीस वर्षांत त्यांनी घरी डबा कसा होता आणि बस उशिरा का आली याशिवाय कामाबद्दल एक अक्षर काढलं नाही. काकूंनीही विचारलं नाही. ती एक रीत होती, घरात कोणी समजावून न सांगता पाळलेली. १९२३ चा गोपनीयता कायदा त्यांनी वाचला असेल असंही नाही. आणि आता एक विशीतलं पोरगं, स्वभावाने गुणी, "नुसता आकडा" मागतं, कारण परदेशातल्या एका कंपनीने त्याला असं पटवलंय की न्याय मिळवायचा असेल तर पुरावा तूच आण.

याच ठिकाणी माझा कंपनीवरचा राग पुन्हा वर येतो. कागद आणला तर आकडा बदलू, ही पद्धत कोणी लावली? ज्या देशांची कागदपत्रं उघडी पडली त्यांच्या रणगाड्यांचे आकडे त्यावर बेतले जातात. स्वीडनने १९९० च्या दशकात रणगाडे विकत घेण्याआधी चाचण्या घेतल्या, त्यातली काही कागदं पुढे बाहेर आली, आणि आज लेपर्ड आणि एब्राम्सच्या चिलखतावरचे निम्मे वाद त्या कागदांचा दाखला देऊन होतात. ज्या सैन्याने तोंड बंद ठेवलं त्याच्या रणगाड्याचा आकडा अंदाजपंचे. म्हणजे जो देश गुपित नीट राखतो त्याच्या वाट्याला अंदाज. मग त्या देशातल्या पोराला कागद शोधायची खाज सुटणार नाही तर काय?

"खेळच आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं," असं आबा म्हणतील. आबा, कुस्तीही खेळच आहे, आणि खोट्या जोडीवरून तुम्ही स्वतः पंचांच्या अंगावर धावून गेल्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे :)

"फुकट खेळ देतात, मग कंपनीने खायचं काय?" हा प्रश्न जास्त चांगला आहे. त्याचं उत्तर आपल्या गल्लीतच आहे. बीजीएमआय. आधीचं पबजी मोबाइल २ सप्टेंबर २०२० ला बंद झालं, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय नावाने आलं, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेलं, मे २०२३ मध्ये पुन्हा आलं. मला तो खेळ फारसा आवडत नाही, आणि पोरं त्यात किती वेळ घालवतात हा वेगळा विषय. पण त्यात गाडीवर लॅम्बोर्गिनीचं रूप चढवायला पैसे मोजा नाहीतर मोजू नका, पळते ती साध्या गाडीइतकीच आणि फुटतेही तितक्याच गोळ्यांत. रंग विकतात, वेग विकत नाहीत. आणि कंपनी काही उपाशी मेलेली नाही. पैसे लावून खेळायच्या खेळांवर २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी आणली, ते ठीकच झालं. पण चिलखत विकणाऱ्यांचा व्यवहार त्या व्याख्येत येत नाही, कारण इथे जिंकून पैसे परत मिळायची आशाच नसते, नुसते जातात. तो बंदोबस्त कायदा करणार नाही. तो गिऱ्हाइकानेच करायचा.

तर माझी मागणी सोपी आहे. एक, जे वाहन पैशाने विकलं जातं ते जसंच्या तसं खेळून मिळवताही आलं पाहिजे, नाहीतर विकूच नये. दोन, पायरी ठरवताना कोणाच्या हातात ते वाहन आहे, नवशिक्याच्या की मुरलेल्याच्या, हे धरूनच आकडेवारी लावावी आणि ती सगळ्यांसमोर मांडावी. आखाड्यात जोड भर गर्दीत लावतात, तंबूत लावत नाहीत. तीन, वास्तवाचं नाटक बंद करावं. हा खेळ आहे, आकडे आम्ही खेळ रंगावा म्हणून ठरवतो, असं एकदा स्वच्छ सांगून टाकावं. मग कोणालाच कागद आणायची गरज उरणार नाही, ना ब्रिटिश सार्जंटला ना धुळ्याच्या भाच्याला.

कंपनी यातलं काही करेल अशी आशा कमीच. पण आमच्या दोघांचा नियम आम्ही केलाय. वाहनावर एक रुपया खर्च करायचा नाही, आणि भीष्मचा आकडा कोणाला विचारायचा नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्याला मालेगाव-मनमाड-शिर्डी करत नगरला (आता अहिल्यानगर) कॅव्हलरी टँक म्युझियमला घेऊन जाणार आहे. १९९४ पासून आहे, आपल्यापैकी बहुतेकांनी शिर्डीपर्यंत जाऊनही ते बघितलेलं नाही. तिथे १९६५ चा पकडलेला पॅटन उभा आहे. कोणाला यायचं असेल तर ताईला कळवा, गाडीत दोन जागा आहेत.